देवीची किंमत काढायला पनवेलला

साताऱ्याच्या स्टँडवर पनवेलची गाडी लागली तेव्हाच माझे गुडघे नको म्हणत होते. पण सुनेचा शब्द मोडवला नाही. आमची धाकटी सून अश्विनी पनवेलची, आगरी घरातली. लग्न मुलानेच जमवलं, आम्ही फक्त अक्षता टाकल्या. ती दोघं पुण्यात असतात, आणि तिच्या माहेरी काही अडलं की ती नवऱ्याला सोडून मला फोन करते. "आई, तुम्हीच जाऊन या. दादा आणि नित्या कुणाचं ऐकत नाहीत, पण बहिणीच्या सासूपुढे आवाज चढवायची त्यांची हिंमत नाही." हा मान मला फुकटात मिळालेला आहे, त्यामुळे तो अधूनमधून असा फेडावा लागतो.

भानगड अशी होती. अश्विनीच्या आईच्या, म्हणजे आमच्या विहीणबाईंच्या देव्हाऱ्यात चांदीची एक गोल देवी आहे. त्यांच्या आजेसासऱ्यांना ती मिठागरात बांध दुरुस्त करताना फावड्याला लागली. एका बाजूला बाईचा मुखवटा. खाऱ्या चिखलातून बाई वर आली म्हटल्यावर त्या लोकांनी विचार कसला करायचा? हळदकुंकू वाहिलं आणि घरी आणली. तेव्हापासून तिची पूजा चाललेली. पुढे मिठागरं गेली, शेतं विमानतळात गेली, आणि आलेल्या पैशातून दोन्ही मुलांनी खांदा कॉलनीत समोरासमोर दोन फ्लॅट घेतले. विहीणबाई आणि देवी थोरल्याकडे.

यंदा नवरात्रात थोरल्याच्या एका मित्राने देवीचा फोटो काढला आणि मोबाइलवर शोधून सांगितलं, की हे परदेशातलं जुनं नाणं आहे, लाखांना जातं. झालं. तोपर्यंत आरतीच्या वेळीही न फिरकणारा धाकटा नित्या म्हणू लागला, देवी माझ्या घरी बसवणार. थोरला महेंद्र म्हणाला, रीत थोरल्याची. विकायचं कुणीच बोलत नव्हतं, पण दुसऱ्याला विकायचीच आहे असं दोघेही शपथेवर सांगत होते. दसऱ्याला सोनं द्यायला समोरच्या दारात कुणी गेलं नाही.

विहीणबाई फोनवर म्हणाल्या होत्या, "विहीणबाय, तुमी या. तिची किंमत काय ती एकदा कलू दे. माझं तर देवीला साकडं हाय, की तुजी किंमत नको निघू दे. मंग पोरं तरी एक होतील." स्वतःच्या देवीला असलं साकडं घालणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. जायचं मी तिथेच ठरवलं.

गाडीत शेजारचा माणूस खंबाटकी उतरायच्या आत माझ्या खांद्यावर झोपला तो थेट बोरघाटात जागा झाला. माझं पाणी संपलं होतं आणि फूडमॉलवर उतरायचा मला कंटाळा आला. पनवेलच्या स्टँडवर पाय ठेवला आणि ऑक्टोबरचा दमट उकाडा अंगाला ओल्या कपड्यासारखा चिकटला. आमच्याकडे ऊन भाजतं, इथे ते शिजवतं. रिक्षा मिळाली, पण रिक्षावाल्याने पुलावर गर्दी आहे म्हणून गल्लीबोळांतून इतकं फिरवलं की खांदा कॉलनी येईपर्यंत पनवेल बघून झालं असं मला वाटलं. ते पुढे दोनदा बघावं लागणार होतं.

विहीणबाई खालीच उभ्या होत्या. अंगाने चिपाड, कपाळभर कुंकू, आणि दारात पाऊल ठेवण्याआधी माझ्या पायांवर पाणी घालायला हातात तांब्या. लिफ्टच्या दारात पायावर पाणी घेताना मला कसंसंच झालं, पण गार पाण्याने बरंही वाटलं.

"दमल्याव," त्या म्हणाल्या.

"दमलेच आहे. यापुढे कुणाचं भांडण असलं तर त्यांनाच साताऱ्याला पाठवा."

त्या हसल्या, पण हसू काही टिकलं नाही. जेवायला तांदळाची भाकरी आणि जिताड्याचं कालवण (जिताडा हा इथला खाडीतला मासा, पाहुणा मोठा असला तरच दिसतो) होतं. मी दोनदा घेतलं. महेंद्र येऊन पाया पडला. थोड्या वेळाने समोरच्या दारातून नित्याही येऊन पाया पडला. दोघे एका सोफ्यावर बसले आणि दोघेही माझ्याशीच बोलले. मध्ये भिंत घातल्यासारखं ते बसणं बघून मासा गोड लागेना.

जेवणानंतर देवीचं दर्शन घेतलं. तळहातात मावेल एवढी. कुंकवाचा थर इतका की डोळे कुठे आणि नाक कुठे हे श्रद्धेनेच ठरवायचं. कडेने मात्र बारीक अक्षरं होती, इंग्रजी वळणाची. मी शाळेत भूगोल शिकवला आहे. मला तिथेच कळलं की ही बाई मिठागरातली नव्हे, कुठून तरी फार लांबून आलेली आहे. पण ज्यांच्या घरचं नुकतंच जेवलो त्यांच्या देवीबद्दल असलं काही बोलत नाहीत. मी नुसते हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवीला "उठवलं". जागा रिकामी ठेवायची नाही म्हणून तिथे सुपारी मांडली, तिला कुंकू लावलं, आणि स्टीलच्या डब्यात तांदूळ पसरून त्यावर देवी ठेवली. मग मला नियम कळले. देवी परत बसेपर्यंत घरात मासळी नाही, आणि विहीणबाईंच्या तोंडात पाण्याचा थेंब नाही.

"विहीणबाई, चक्कर येऊन पडाल. मी तुम्हाला उचलू का देवीला?"

"ती बाहेर उन्हातान्हात फिरनार, न मी पानी पिऊ?"

मी माझी पाण्याची बाटली पिशवीत तळाशी घातली. त्यांच्यासमोर पिणं काही जमलं नसतं.

जुन्या पनवेलच्या बाजारात आधी एका सराफाकडे गेलो. दुकान जुनं, लाकडी काउंटर, वर पंखा नुसता आवाजापुरता. सराफांनी डबा उघडून देवी डाव्या हाताने उचलली आणि सरळ काट्यावर टाकली. विहीणबाईंनी झडप घालून ती परत घेतली, पदराने पुसली आणि तांदळात ठेवली.

"अहो बाई, वजन तरी करू द्या."

"वजन करा. पन उजव्या हातान उचला, आनि पायतल्या चपला काढा."

सराफांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. बिचाऱ्यांनी चपला काढल्या, उजव्या हाताने वजन केलं. मग कसोटी (घासून धातू तपासायचा काळा दगड) पुढे ओढली, तसा डबा पुन्हा बंद झाला. "देवीला घासाची नाय." एवढ्या प्रकारानंतर त्यांनी अंदाजाने सांगितलं, चांदी आहे, पण शुद्ध नाही. मोडीत घातली तर एखाद्या महिन्याचा किराणा निघेल. नाणं म्हणून किती ते आपल्याला कळत नाही, नवीन पनवेलला जुन्या नाण्यांचं दुकान आहे, तिथे विचारा.

किराणा ऐकून विहीणबाईंचा चेहरा फुलला. तिथूनच घरी जावं असं मलाही फार वाटलं. पण मुलं विचारणार, नाणं म्हणून किती? अर्धवट उत्तर घेऊन गेलो असतो तर भांडण होतं तिथेच राहिलं असतं. पुन्हा रिक्षा, पुन्हा तो पूल.

नवीन पनवेलच्या त्या दुकानात मोबाइलची कव्हरं, घड्याळं आणि काचेखाली नाणी असा सगळा कालाच होता. काउंटरवरचा तरुण देवीकडे बघेना, मोबाइलमध्येच बघत होता. मग त्याने मोबाइल आमच्याकडे फिरवला. त्यात अशीच एक बाई, आणि खाली आकडा. तो आकडा वाचून मलाही घोटभर पाण्याची गरज वाटली.

"मॅडम, पार्टी रेडी आहे. फक्त आधी रजिस्ट्रेशन करावं लागेल. त्याची फी भरा, आठवड्यात सौदा."

"आम्ही विकायचं म्हटलं का?"

"मग आलात कशाला?"

प्रश्न बरोबर होता, म्हणूनच माझं डोकं फिरलं. "वस्तू तुम्ही हातातसुद्धा घेतली नाहीत, आणि फी आधी? आमच्याकडे म्हशीचा सौदासुद्धा दात बघून करतात," मी म्हणाले आणि डबा उचलला. बाहेर आले तर विहीणबाई दुकानाच्या पायरीवर बसलेल्या. ओठ सुकलेले. फी, पार्टी यातलं काही त्यांच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. त्यांनी फक्त आकडा पाहिला होता.

"एवढं हाय? मंग माजी पोरं एकमेकांचा गला धरतील, विहीणबाय."

"तो चोर आहे. चोराच्या आकड्याला काय धरायचं?"

"तुमाला कसं म्हाईत?"

मला माहीत नव्हतं. माझ्या पायांत गोळे आले होते, घामाने ब्लाउज पाठीला चिकटला होता, आणि एका नाण्यासाठी आपण हे काय करत बसलोय असा राग येत होता. मी सरळ त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. शिक्षिका म्हणून उभी हयात गेली, पण दुकानाच्या पायरीवर बसायची वेळ पनवेलने आणली.

समोरचा रिक्षावाला मघापासून ऐकत होता. "खाला, माफ करा, पण असले पुराने सिक्के बघायचे तर आमच्या मोहल्ल्यात एक चाचा हैत. मस्कतला होते सारी उमर. पैशे-बिशे काय घेत नाहीत."

"मोहल्ला कुठे?"

"जुन्या पनवेलला. सराफ बाजाराच्या मागेच."

म्हणजे सकाळी जिथे होतो तिथेच. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिसऱ्यांदा तो पूल ओलांडताना मी डोळे मिटून घेतले.

चाचांचं घर कौलारू, पण आत एसी होता, आणि त्या गारव्यासाठी मी त्यांना मनापासून दुवा दिली. भरदार गृहस्थ, पांढरी दाढी, चष्मा गळ्यात अडकवलेला. विहीणबाईंनी काही सांगायच्या आत त्यांनी पाहिलं की डब्यात तांदूळ आहेत आणि कुंकू आहे. आत जाऊन हात धुऊन आले. "इजाजत?" त्यांनी विचारलं. विहीणबाईंना शब्द कळला नसावा, पण विचारणं कळलं. त्यांनी स्वतः देवी उचलून त्यांच्या ओंजळीत दिली.

चाचांनी तिला उलटीपालटी केली, भिंग लावलं, आणि उठून कपाटातून एक मखमली खोका आणला. झाकण उघडलं तर आत आमच्या देव्या. ओळीने. कुंकू नसलेल्या, नाकीडोळी नीटस, डोक्यावर पदरासारखं वस्त्र, खांद्याला पिन, भरल्या अंगाची बाई. विहीणबाईंनी तोंडावर हात ठेवला.

"याला तिकडे अरबस्तानात फ्रान्सी रियाल म्हणतात," चाचा म्हणाले. "पण फ्रान्सचा नाही, ऑस्ट्रियाचा. एकेकाळी समुद्राकाठी हाच पैसा चालायचा. खजूर आणणाऱ्या गलबतांतून इकडेही आला. आता गंमत बघा. सगळ्यांवर साल एकच. सतराशे ऐंशी. त्या साली राणी वारली, पण अरबांना हिच्याशिवाय दुसरं नाणं नको. मग तीच राणी, तेच साल घालून पाडत राहिले. माझ्या-तुमच्या जन्मानंतरसुद्धा."

"म्हणजे दुर्मीळ नाही?" मी विचारलं.

"काही असतात. अगदी पहिली पाडलेली. त्यांना शौकीन लोक चांगली रक्कम देतात. पण ओळखायचं कसं? इथे खाली दोन अक्षरं, ही खांद्यावरची पिन, डोक्यावरचे मोती. हे बारीक नक्षीकाम बघून ठरतं." त्यांनी भिंग विहीणबाईंकडे दिलं. "तुमच्या देवीचं ते सगळं गेलंय, बेन. अगदी सपाट. कशाने धुता?"

"चिंचेन न राखेन. दर नवरात्रीला. माजी सासू बी तसंच करायची, तिची सासू बी."

"मग आता जगातला कुणी सांगू शकत नाही ही कुठली ते. पहिली असेल, नाहीतर कालची. शौकीन हिला हात लावणार नाही. चांदीचे जे होतील ते."

सकाळभर दगडावर एक रेघ ओढू न देणाऱ्या बाईने आणि तिच्या सासवांनी मिळून देवीची किंमत चिंचेने धुऊन टाकली होती. मला हसावं की रडावं कळेना. विहीणबाईंनी मात्र दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला, ज्याची मला आदल्या दिवसापासून धास्ती होती. खोक्यातल्या चेहऱ्यांकडे बोट करून म्हणाल्या, "म्हंजे ही देवी नाय. कोन बाई हाय?"

"राणी होती," चाचा सांभाळून म्हणाले.

मी घाईने काहीतरी बोलायला गेले, पण विहीणबाईंनी मला हाताने थांबवलं. "पोरं होती का तिला?"

"सोळा."

विहीणबाईंनी खोक्यातल्या एका चेहऱ्यावरून बोट फिरवलं. "सोला बालंतपनं," त्या म्हणाल्या. "मना तिनांत नाकी नऊ आले. ती देवी नाय त कोन?" आणि आपली देवी उचलून त्यांनी तांदळात ठेवली.

चाचांनी गुलाबाचं सरबत मागवलं. मी माझं संपवलं, आणि विहीणबाईंनी आग्रह केल्यावर त्यांचंही मीच संपवलं.

संध्याकाळी दोन्ही घरची माणसं जमली. थोरल्याच्या दिवाणखान्यात महेंद्र आणि त्याची बायको, नित्या आणि त्याची बायको. विहीणबाई देव्हाऱ्याजवळ पाटावर, डबा मांडीवर. मी वर्गात सांगावं तसं सगळं सांगितलं. सराफ काय म्हणाला, चाचा काय म्हणाले. नाणं म्हणून किंमत नाही, शौकीन घेणार नाही, मोडीत एका किराण्याचे पैसे. हवं तर चाचांकडे जाऊन विचारा.

कुणी चाचांचा पत्ता विचारला नाही. महेंद्रने मोबाइल काढला, बघितला, ठेवला. मग नित्याकडे वळून, दसऱ्यानंतर बहुधा पहिल्यांदाच, भावासारखा बोलला.

"नित्या, तुला पायजे व्हती ना? ने तू. तुजं मन मोडून आमाला काय करायचं?"

"नाय दादा," नित्या म्हणाला. "रीत थोरल्याचीच. तू बोलला ते बरोबर व्हतं."

"तसं नाय रे, आमच्याकडं जागा बी कमी पडते."

"आमची दोघांची ड्युटी. नवरात्रीचे उपास, सोवलं कोन करनार? वहिनीला सवय हाय."

वहिनी म्हणाली, तिला आता शुगर निघाली आहे, उपास डॉक्टरांनी बंद केले आहेत. नित्याची बायको म्हणाली, देवीचं नीट झालं नाही तर उगाच दोष लागायचा. सगळे गोड बोलत होते. एकमेकांना आग्रह करत होते, जसा शेवटची पोळी दुसऱ्याच्या ताटात ढकलताना करतात. मी विहीणबाईंकडे बघायचं टाळलं. हेच तर मागितलं होतं त्यांनी. पोरं एक झाली होती.

त्या उठल्या. सुपारी बाजूला केली, देवीला जागेवर बसवलं, कुंकू लावलं. मग दिवसभरात पहिल्यांदा पाणी प्यायल्या, उभ्यानेच, अख्खा तांब्या. कुणाकडे न बघता म्हणाल्या, "मी हाय तवर हितंच ऱ्हाईल. कुनी तरास घेऊ नका."

रात्री दोन्ही घरांची दारं उघडी होती, भाऊ क्रिकेट बघत बसले होते, आणि कालचा उरलेला मासा गरम केला होता. मला भूक नव्हती.

सकाळी स्टँडवर मला सोडायला विहीणबाई आल्या. पिशवीत सुकट, वालाच्या शेंगा आणि माझ्या गुडघ्यांसाठी कसलंसं तेल. गाडी उशिरा होती. बाकावर बसल्या बसल्या मी म्हणाले, "चला, भांडण तर मिटलं. दिवाळी गोड होईल."

"व्हय," त्या म्हणाल्या. गाडी लागली, मी उठले, तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "भांडत व्हते तवाच बरं व्हतं, विहीणबाय. तवा ती दोघांनाबी पायजे व्हती."

कंडक्टर घाई करत होता, मी चढले. खिडकीतून पाहिलं तर त्या पदराने तोंड पुसत रिक्षांच्या गर्दीतून चालल्या होत्या. परतीच्या वाटेवर शेजारची जागा रिकामी होती, पण मला झोप लागली नाही. त्या मुलांना मी मनात बरीच नावं ठेवली. मग वाटलं, नावं ठेवून तरी काय करणार? त्यांनी खोटं काही केलं नव्हतं. लाखांचं ओझं कुणीही उचलतो, उपासाचं कोण उचलणार? घाट चढेपर्यंत त्यांच्यावरचा राग गेला आणि नुसता थकवा उरला.

घरी पोचले, कुलूप काढलं, हातपाय धुऊन देवापुढे दिवा लावला. आमच्या देव्हाऱ्यात सासूबाईंनी माझ्या हाती दिलेले टाक आहेत. खंडोबा, भवानी, आणि एक कुणाचा ते मलाही ठाऊक नाही. पोचल्याचं कळवायला पुण्याला आमच्या धाकट्याला फोन केला. पनवेलची हकीगत त्याला सुनेकडून आधीच कळली होती. फोन ठेवता ठेवता मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "माझ्यामागे आपले टाक तू नेशील का रे?"

तो काहीतरी खात होता. "आत्ता कुठे काढलंस ते?" तो म्हणाला. "आणि दादाला विचार ना. थोरला तो आहे."

थोरला कोल्हापूरला असतो. मी त्याचा नंबर काढला आणि फोन बाजूला ठेवून दिला.